जुन्या संगीतपेटीचे तुटलेले दात आपल्याकडे बनतील का?

ताई, आधी कामाचं सांगतो. दात इथेच बनतील. डॅम्पर, म्हणजे दातांची थरथर थांबवणाऱ्या बारीक तारा, त्याही बनतील. वर्म, म्हणजे पंखीचा आट्या पाडलेला दांडा, नवा करायची गरज बहुधा नाहीच. आणि तुमच्या सोनारदादांना आजच्या आज फोन करून सांगा, दातांच्या फणीला हात लावायचा नाही. बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. अंजनगाव सुर्जीकडच्या वाड्यात आजेसासूबाईंच्या संदुकीत चावीची संगीतपेटी सापडली. आत पितळेचा २८ सेंटिमीटरचा सिलिंडर, सहा चिजा म्हणजे गाणी, समोर पोलादी फणी. फणीचे तीन दात गेलेले, उजवीकडे बारीक आवाजाचे दोन शेजारी-शेजारी आणि डावीकडे खर्जाचा एक. चावी पूर्ण बसते, पण खटका सोडला की पंखी दोन-चार गिरक्या घेऊन थांबते. जे काही सूर वाजतात त्यांच्याआधी ‘चिर्र’ असा आवाज येतो. सोनार म्हणतो चांदीच्या डाखाने दात जोडून देतो, परतवाड्याचा लेथवाला म्हणतो वर्म नवा काढून देतो, पुण्याचा भाचा म्हणतो थ्री-डी प्रिंट करू, आणि कुणीतरी म्हणालं की हे काम स्वित्झर्लंडशिवाय होणार नाही. तुमचा प्रश्न, यातलं कुणाचं ऐकू?

चौघांचंही नका ऐकू. मी कारंज्याला जिनिंगमध्ये ३१ वर्षं फिटर होतो. घड्याळं आणि ग्रामोफोन हा घरचा नाद. अशा पेट्या चौदा-पंधरा हाताखालून गेल्या असतील, त्यातली पहिली मी बिघडवली. ती गोष्ट खाली येईलच.

सगळ्यांची गडबड एकच होतेय. तुटलं काय ते दिसतं, म्हणून जो तो ते बनवायला धावतो. का तुटलं ते कुणी बघत नाही. तुमची पंखी अडकते याचा अर्थ वर्म झिजला असा होत नाही. फोटो मोठा करून पाहिला. वर्मच्या आट्यांमध्ये आणि खालच्या चाकाच्या दातांत मधासारखा पिवळा थर आहे. तो गंज नाही. कुणीतरी प्रेमाने तेल घातलंय, आणि आपल्या भागात घरात हाताशी असायचं ते जवसाचं. जवसाचं तेल वाळतं. म्हणून तर रंगात ते वापरतात. हवा लागली की काही दिवसांत त्याची कातडी धरते आणि वर्षानुवर्षांनी व्हार्निश होतं. करडईही थोडीफार तशीच. म्हणजे तुमच्या पेटीचा गव्हर्नर, वेग आवरणारा पंखी-वर्मचा भाग, बहुधा धड आहे, फक्त व्हार्निशमध्ये चिकटलाय. लेथवाल्याने नवा वर्म काढला असता, तो जुन्या चाकाशी जुळला नसता, आणि मग चाकही नवं करायला लागलं असतं.

आता धोक्याची गोष्ट. स्प्रिंग पूर्ण भरलेली आहे आणि तिला धरून ठेवलंय फक्त त्या चिकटलेल्या पंखीने. या स्थितीत गव्हर्नरचा एक स्क्रू जरी कुणी सैल केला तरी सगळी ताकद एकदम सुटते. सिलिंडर गरगर फिरतो, त्याच्यावरच्या बारीक पिना फणीवर आपटतात, दात उडतात, पिना वाकतात. मी तिशीत असताना हेच केलं. वाटलं, पंखी काढून साफ करू, दोन मिनिटांचं काम. स्क्रू अर्धा फिरला असेल, एक कर्कश आवाज आला, पत्र्याच्या पेटीवर मूठभर खिळे ओतल्यासारखा, आणि सेकंदभरात सगळं शांत. सतरा दात गेले. मोजले मी, माझ्याकडे डबीत आहेत अजून. ज्यांची पेटी होती ते काका काही बोलले नाहीत, चहा पिऊन गेले, तेच जास्त लागलं.

म्हणून तुम्ही एवढंच करा. चावी आणखी देऊ नका. केसांच्या मऊ ब्रशने पंखीला हळू ढकलत राहा, म्हणजे थांबत-थांबत का होईना स्प्रिंग आपली आपण रिकामी होईल. चीज संपते तिथे सिलिंडरवर पिनांशिवाय एक मोकळी पट्टी येते. पेटी थांबवायची ती तिथेच, म्हणजे एकही दात पिनेवर उचललेला राहत नाही. ब्रशने ढकलूनही पंखी हलत नसेल तर सोडून द्या आणि आहे तशी घेऊन या. कुणी उघडायला आला तर हात जोडून नाही म्हणा.

पेटी चालते कशी हे दोन ओळींत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. १७९६ मध्ये जिनिव्हाच्या आंत्वान फाव्र या घड्याळजीने घंटांऐवजी सुरात लावलेल्या पोलादी पट्ट्या वाजवायची युक्ती काढली. त्यातूनच पुढे जिनिव्हा आणि सँत-क्रुआ इथे १९व्या शतकात या सिलिंडरच्या पेट्या बनू लागल्या. सिलिंडरवर हजारो बारीक पिना असतात. पीन दात उचलते आणि सोडते, तोच सूर. एका फेऱ्यात एक चीज, साधारण मिनिटभराची. चीज संपली की सिलिंडर बाजूला एक पायरी सरकतो आणि दातांसमोर दुसऱ्या चिजेच्या पिना येतात. तुमच्या दोन दातांच्या टोकांत २.४ मिलिमीटर अंतर असेल तर सहा चिजांसाठी पायरी ०.४ मिलिमीटरची. म्हणजे नव्या दाताचं टोक तेवढ्या जागेत मावलं पाहिजे. जरा रुंद राहिलं तर शेजारच्या चिजेची पीनही तो दात उचलेल आणि आरतीत मधेच लावणीचा सूर वाजेल.

आता दात. सोनाराला नको म्हटलं त्याचं कारण सांगतो. त्यांचा हात माझ्याहून शंभरपट सफाईचा असतो, पण चांदीचा डाख वितळायला ६०० अंशांच्या वर जावं लागतं. फणीचं पोलाद पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून विझवून कडक केलेलं आणि मग ठिसूळपणा जावा म्हणून सुमारे ३०० अंशांवर उतरवलेलं असतं. फुंकणीची ज्योत तिथे लागली की शेजारच्या चार-पाच दातांचं पाणी जातं. ते दिसतात तसेच, पण वाजतात शिशाच्या पट्टीसारखे, थप्प. आणि हे परत दुरुस्त होत नाही. आम्ही वापरतो कथील-शिशाचा साधा डाख, तो १८३ अंशांवर वितळतो. त्याने फणीच्या पाण्याला धक्का लागत नाही.

त्यातही तुमच्या डावीकडच्या खर्जाच्या दातासाठी जपावं लागेल. खर्जाच्या दातांना टोकाखाली शिशाचे ठोकळे असतात. वजन वाढलं की सूर उतरतो, म्हणून दात हातभर लांब न करता खर्ज मिळतो. हे ठोकळेही डाखानेच लावलेले. आपण एक दात बसवायला जातो आणि शेजारच्या तिघांचे ठोकळे गळून पडतात. मी शेजारच्या दातांवर ओल्या चिंधीच्या घड्या ठेवतो आणि फणीला तांब्याच्या जाड पट्ट्यांत धरतो, म्हणजे उष्णता पुढे पळत नाही.

पोलाद कुठलं? लोक जुन्या कानशी, सायकलच्या तारा, काय वाटेल ते घेतात. तार मऊ असते, तिला पाणी धरतच नाही. हॅक्सॉचं चांगलं पातं असतं हायस्पीड स्टीलचं, ते आपल्या भट्टीला दाद देत नाही. कानस चालते, पण आधी तापवून राखेत रात्रभर थंड करावी लागते. सरळ मार्ग म्हणजे ओएचएनएसची, तेलात विझवून कडक होणाऱ्या टूल स्टीलची पट्टी. डाय बनवणारे वापरतात, नागपूर-अकोल्याला टूल स्टीलवाल्यांकडे मिळते. वितभर तुकड्यात तुमच्या नातवंडांच्या पेटीचेही दात होतील.

दात आधी मऊ पोलादातच कापून, कानशीने घासून जवळपास आकारात आणायचा. मागे मुळाशी एक जीभ ठेवायची. तुटलेल्या दाताच्या जागी फणीत बारीक चकतीने खाच पाडायची आणि ही जीभ त्या खाचेत इतकी घट्ट बसवायची की डाख नसतानाही पडू नये. डाखाने जागा भरायची नसते, कारण डाख मऊ, तो थरथर खातो आणि सूर मरतो.

मग पाणी द्यायचं. आमच्या गावचे लोहारकाका म्हणाले होते, “द्या इकडे भाऊ, विळ्याले देतो तसं पानी देऊन टाकतो.” विळ्याला पाण्यात विझवतात ते ठीक, पण एवढी बारीक पट्टी पाण्यात तडकते. तेलात विझवायची. आणि भट्टी बाहेर उन्हात नको. दुपारच्या उजेडात लाल रंग कळत नाही, जास्त तापतं. मी दिवेलागणीला करतो, पडवीत. एक लोहचुंबक जवळ ठेवतो. पोलाद ७७० अंशांच्या आसपास गेलं की चुंबक त्याला ओढायचं सोडतं. तिथून अजून थोडं, म्हणजे डाळिंबाच्या दाण्याचा रंग उजळला की, सरळ तेलात. आता ते काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ असतं. एकदा हातातून फरशीवर पडलं आणि दोन तुकडे झाले, दीड दिवस गेला.

त्यानंतर पाणी उतरवायचं. दात घासून पांढरा लख्ख करायचा, पितळेचा कीस भरलेल्या छोट्या कढल्यात ठेवायचा आणि खाली स्पिरिटचा दिवा. कीस असला की उष्णता सारखी लागते. बघत बसायचं. आधी फिका पिवळा येतो, मग तपकिरी, मग वांग्यासारखा जांभळा, आणि मग एकदम मोरपिशी निळा. निळा आला की चिमट्याने उचलायचा. अर्धा मिनिट चुकलं तर तो निळा राखाडी होतो आणि पुन्हा पहिल्यापासून. हे काम मला अजून कंटाळवाणं वाटलेलं नाही. बायको म्हणते, भाजीकडे एवढं लक्ष दिलं असतं तर.

डाख देताना फ्लक्स, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून लावतात तो, राळेचा घ्या. नवसागर किंवा ॲसिड लावू नका. एक पावसाळा गेला की त्या जागी गंज फुटतो आणि तो दातांच्या बेचक्यात शिरला तर निघत नाही. आधीच कुणी ॲसिड लावलेलं असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून लगेच कोरडं करायचं. शिशाला हात लावलात तर साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसू नका, आणि तो कीस पोरांपासून लांब.

आता खरं अवघड. हरवलेल्या दाताचा सूर कुठला होता? तो दात तर आता नाही. फणीत एकच सूर दोन-दोन, तीन-तीन दातांना दिलेला असतो, कारण वाजून थरथरणाऱ्या दाताला लगेच परत उचलता येत नाही. म्हणून आधी सगळे दात नखाने एकेक छेडून वहीत लिहून काढायचे. मोबाइलवरचं ट्यूनर ॲप चालतं, पण पेटीची सगळी पट्टीच आजच्या मापापेक्षा वर-खाली असते, तेव्हा ॲपने दाखवलेला काटा नाही, दोन दातांतलं अंतर बघायचं. मी आमच्या भजनी मंडळाची हार्मोनियम आणून ठेवतो. अलीकडचा दात षड्ज, पलीकडचाही षड्ज, तर मधला षड्जच. अलीकडचा पंचम आणि पलीकडचा धैवत असेल तर मग चीज ऐकून ठरवायचं. सिलिंडर हाताने सावकाश फिरवायचा, त्या रिकाम्या जागी पीन येते तेव्हा बरोबर कुठले सूर वाजतात ते लिहायचं. अशा दहा-बारा जागा मिळाल्या की काय हवंय ते कान सांगतो. दारव्ह्याकडच्या एका पेटीचे पाच दात मी असे लावले. त्यातला एक आमच्या मृदंगवाल्या बुवांनी ओळखला, मी चुकत होतो.

सूर लावायचं तत्त्व सोपं. टोकाकडून घासलं की वजन कमी होतं, सूर चढतो. मुळाशी खालून घासलं की दात लवचीक होतो, सूर उतरतो. म्हणून नवा दात मुद्दाम जरा जाड, म्हणजे चढा ठेवायचा आणि मुळाशी एकेक हात मारत खाली आणायचा. खर्जाच्या दाताला शिसं जरा जास्त लावून कापत वर यायचं. आणि घासल्यावर लगेच सूर पाहायचा नाही. घासताना दात तापतो आणि तापलेला दात उतरलेला बोलतो. त्या पाचांतल्या एका दाताला मी हे विसरलो. मुळाशी एवढं घासलं की सूर खाली निघून गेला, मग वर आणायला टोक घासलं, मग परत मूळ. शेवटी सूर बरोबर आला, पण दात इतका बारीक झाला की आवाज डासासारखा. काढून नवा केला.

प्लॅस्टिकचा दात छापून उपयोग नाही, त्याला नादच नाही. भाच्याला नाराज करू नका, झाकणाची तुटलेली मूठ फोटोत दिसतेय, तिचा नमुना त्याच्याकडून छापून घ्या. ओतारी त्यावरून पितळेची ओतून देईल.

‘चिर्र’ आवाज डॅम्परचा. बहुतेक दातांच्या टोकाखाली केसासारखी पोलादी तार असते. पीन दाताला भिडायच्या आधी ती तारेला भिडते, तार दाताला टेकते आणि आधीची थरथर थांबवते. तार गेली की थरथरत्या दातावर पीन घासते, तेच चिर्र. ही तार दाताखालच्या भोकात पितळेच्या निमुळत्या खुंटीने धरलेली असते. जुनी खुंटी मागून ढकलून काढायची, नवी तार घालून दाबायची, मग चिमट्याने वाक द्यायचा. वाक असा की तार टोकाच्या अगदी जवळ, पण दात मोकळा असताना त्याला न टेकणारी. एका दाताला मला वीस मिनिटं लागतात, तुमच्या फणीचे निम्मे जरी करायचे असले तरी आठवड्याचं काम. तार फुटकळ मिळत नाही. मी जुन्या घड्याळांच्या बारीक स्प्रिंगा सरळ करून वापरतो. अगदी उजवीकडच्या बारीक दातांना तारही जड होते, तिथे मूळ कारागीर कोंबडीच्या पिसाचा तंतू लावत. गावरान कोंबडीचं पीस, चपडा लाखेच्या थेंबाने. हे एक काम आपल्याकडे जिनिव्हापेक्षा स्वस्तात होतं.

साफसफाईत एक गोष्ट लक्षात ठेवा. गव्हर्नरवरचं वाळलेलं जवस ॲसिटोनमध्ये भिजवून बांबूच्या टोकदार काडीने निघतं. पण सिलिंडरला ॲसिटोन किंवा स्पिरिट चुकूनही नाही. पितळेच्या नळीच्या आत राळेचा लेप ओतलेला असतो, पिनांची मुळं त्यानेच धरलेली. स्पिरिट पिनांच्या भोकांतून आत गेलं की राळ विरघळते. उन्हात ठेवणंही नको, आपला मे महिना तुम्हाला माहीत आहे. सिलिंडर कोरड्या मऊ ब्रशने. दोन-चार वाकलेल्या पिना दिसतात त्या मी इंजेक्शनच्या सुईचं टोक सपाट घासून, तिच्या पोकळीत पीन धरून उभ्या करतो. पीन अगदी काटकोनात नसते, फिरण्याच्या दिशेने जराशी झुकलेली असते. शेजारच्या बघून तेवढंच. अख्ख्या सिलिंडरच्या पिना नव्याने बसवायची वेळ आली तरच युरोपात पाठवायचा विचार करा. ते काम मी करत नाही आणि इथे कुणी करून देतो म्हणाला तर त्याला देऊही नका.

सगळं झाल्यावर तेल म्हणजे घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब, फक्त गव्हर्नरच्या टोकांना आणि वर्मला. फणीला आणि सिलिंडरला काहीही नाही.

तुम्ही कापसाच्या दिवसांनंतर, थंडीत आणा. पावसाळ्यात उघडं पोलाद टेबलावर ठेवायला मला आवडत नाही. फणीच्या दातांची एकूण संख्या आणि झाकणाच्या आत चिजांच्या नावांचा कागद असेल तर त्याचा फोटो आधी पाठवा. उडालेल्या दातांचे तुकडे पेटीच्या तळाशी, कापडाखाली असू शकतात. मिळाले तर कितीही छोटे असोत, डबीत घालून आणा, टोकाची रुंदी त्यावरून मिळते. येताना गाडीत डिकीत नको, मांडीवर घेऊन बसा.